रीलस्टारची पंगत

"आपल्याला फसवणारा अजून जन्मला न्हाई!" कुंभार पिंपळगावचे चप्पलवाले रामप्रसादशेठ म्हणाले. दुकानाची जाहिरात करायला आलेल्या रीलस्टार कल्याणला त्यांनी अट घातली, "तुझे फॉलोवर इकतचे असतील तर? सगळ्यांला जेवायचं आवतन दे. खरे असतील तर येतील. मंगच जाहिरात."

रविवारी दुकानासमोर पंगतीवर पंगती उठल्या. "बराबर हाय, एकबी खोटा न्हाई!" शेठ वाढता वाढता खूश. जेवणानंतर आहेर असतोच, असं धरून सगळे पाव्हणे दुकानातल्या नव्या चपला घालून गेले.

कल्याणनं शब्द पाळला. लगेच रील टाकली, "जेवण आन् चप्पल, दोन्ही फुकट!"

शहागडहून दोन ट्रॅक्टर निघालेत.