लाल ओळ

“चालत्या गाड्याला खीळ घालू नकोस,” दादाने बजावलं होतं. “लॅपटॉपचं लिनक्स अपग्रेड करायचं तर आधी मला विचार.” तिने “हो रे” म्हटलं आणि काल बाळाला झोपवता झोपवता बटण दाबून टाकलं.

तेव्हापासून बाबांचे निरोप थांबले.

बाबा दुसऱ्या गावात, एकटे. कानाचं यंत्र लावायचा कंटाळा, त्यामुळे फोन वाजून वाजून दमतो. म्हणून दादाने त्यांच्या फ्रिजच्या दाराला सेन्सर चिकटवला. दार उघडलं की तिच्या लॅपटॉपवर उमटायचं, ‘फ्रिज उघडला’. आधी दूध, मग लोणी, मग उगाच डोकावणं. तिचा दिवस त्यावरच पुढे सरकायचा.

आज पडदा कोरा. वर फक्त एक लाल ओळ: सॉफ्टवेअरचं एक पॅकेज अर्धवट बसलंय, त्याला लागणारं दुसरं सापडत नाही. पॅकेजचं नाव ओळखीचं नव्हतं, पण निरोप कशाने अडले ते कळायला लाल अक्षरं पुरेशी होती.

तिने ते काढलं, पुन्हा बसवलं. ओळ तशीच. मांडीवर बाळ तिच्या बाहीचं टोक चघळत होतं. रडू येत नव्हतं, रागही नाही. भांडी घासावीत तसे हात चालत होते.

शेवटी तिने दादाला फोन लावला.

“केलासच ना शहाणपणा?”

“टोमणे नंतर मार. आधी बाबांचं सुरू कर.”

“अगं, बसले असतील लोणी चापत. डॉक्टरांनी बंद केलंय ना, मग तर नक्कीच.”

ती तोंडापुरतं हसली.

दादाने तिकडूनच लॅपटॉपचा ताबा घेतला. अक्षरं भराभर सरकली. जुनं काहीतरी गेलं, नवं आलं. लाल ओळ पुसली गेली.

“झालं. आता छाप काय छापायचं ते.”

“छापू?”

“प्रिंटरचंच पॅकेज अडकलं होतं ना.”

“आणि बाबांचं?”

पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजत राहिल्या. मग थांबल्या.

“फ्रिजच्या प्रोग्रामला अपग्रेडने हातही लावलेला नाही,” दादा म्हणाला. आवाज बारीक झाला होता. “कालपासून नीट चालू आहे. सेन्सरही जागा आहे. दारच उघडलेलं नाही.”

तिने बाबांच्या शेजाऱ्यांना फोन केला. कोणी उचलला नाही. नदीकडची गल्ली, टोकाचं घर, हिरवं फाटक. हे वाचणारे तुम्ही जवळपास असाल तर जरा बघून याल का? बाबा उघडेपर्यंत दार वाजवत राहा.