वामनरावांच्या नावाची मॅच

हॉकी गाजवलेले वामनराव पुढे रेल्वेत मोठे साहेब झाले. ते गेल्यापासून झाशीच्या सिप्री बाजारातल्या चहाच्या टपरीवर आमचं रोज भांडण: त्यांच्यातला खेळाडू मोठा, की साहेब?

"साहेबच!" जयसिंग भैया म्हणायचे. "झाशीत बरी हॉकी खेळणारा प्रत्येक पोरगा त्यांनी नोकरीला लावला."

आज त्या पोरांनाच घेऊन वामनरावांच्या स्मरणार्थ मॅच ठेवली होती. फोटोला हार घातला, पंच आले, पण खेळायला एकही आला नाही. भैयांनी गोलकीपरला फोन लावला.

 

"स्टिक कुठली आता, भैया? नोकरीचे पेढे घेऊन गेलो, तेव्हा साहेबच म्हणाले, 'बस झालं खेळणं. ह्यासाठीच खेळत होतास ना?'"