पहिल्या होमरनची गंमत

"नव्या पोराने पहिला होमरन मारला ना आई, की सगळे मुद्दाम गप्प बसतात. ढुंकूनही बघत नाहीत. मग एकदम अंगावर उड्या मारतात. गंमत असते ती," बेसबॉलच्या सामन्याआधी ओडेलने फोनवर सांगितलं होतं.

आता मैदानाच्या दारात त्याचा पुतळा आहे, लोक खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. त्या दिवशी मात्र त्याचा पहिलाच सामना होता, आणि सातव्या डावात त्याने चेंडू थेट प्रेक्षकांत टोलावला. मैदानाची चक्कर पुरी करून तो संघाच्या बाकावर आला. कोणी मान वर केली नाही. एकजण बुटाची नाडी बांधत राहिला. शेजारचा थोडा लांब सरकला. ओडेल हसू दाबून, पाठ ताठ करून बसला. कुठल्याही क्षणी थाप पडणार होती.

डाव संपला. मग सामनाही संपला, तोही जिंकून.

संध्याकाळी आईचा फोन आला. "रेडिओवर ऐकलं रे राजा! त्या सगळ्या गोऱ्यांत तू एकटा काळा, मला नुसता घोर लागलेला. मग, मारल्या का उड्या?"

"नाही गं," ओडेल म्हणाला. "गंमत अजून चालूच आहे."