कोरडा कीस

कडक केलेल्या पोलादाची डाय, म्हणजे साचा, कोरून काढायला मालकांनी या वेळी विशाखाच्या मशीनवर चढवली, तेव्हाच महादबाच्या पोटात दुखू लागलं. बावीस वर्षं अशी कामं त्याच्याच हाताखालून गेली होती आणि ही येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तिनं निवडलेला कटर बघून तर तो आणखीच जळला, कारण त्यानंही तोच उचलला असता. स्पीड, फीड, कागदाएवढा पातळ कट. खोट काढायला जागाच नव्हती.

"अण्णा, कटरवर पाणी सोडू का?" तिनं विचारलं.

तापल्या कटरवर पाणी पडलं की धारेला तडे जातात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "सोड की," तो म्हणाला, "भरपूर सोड."

मग आपलं काम करता करता त्याचे कान तिकडंच लागून राहिले, कटर तुटल्याची ठक्क कधी ऐकू येते म्हणून. तासाभरानं ऐकू आली ती मालकांची शाबासकी. जाऊन बघतो तर डाय आरशासारखी, आणि खाली पडलेला निळसर कीस ठणठणीत कोरडा.

"पाणी सोडलं नाहीस?"

"वर्षभर तुमचंच काम बघतेय, अण्णा. कडक मालावर तुम्ही नुसती हवा मारता." ती हसली. "सोड म्हणालात तेव्हाच ओळखलं, माझी परीक्षा घेताय. पास झाले ना?"

मघाचं खोटं जिभेवर कसं अलगद आलं होतं. "झालीस" एवढा एक शब्द मात्र महादबाच्या घशातून निघता निघेना.