टुंडे अंकलच्या झग्यावरचे डाग

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर बघा. सिडनीजवळच्या स्कोफिल्ड्समधलं नवंकोरं घर, लॉकडाऊनमधला जुलै, म्हणजे तिथला हिवाळा, बाहेर पाच डिग्री. कपडे धुण्याच्या खोलीतल्या सिंकमध्ये एक पांढराशुभ्र, पायघोळ झगा. गळ्याशी निळं भरतकाम. त्याला आगबाडा म्हणतात. नायजेरियातले पुरुष तो लग्नाकार्यात घालतात. दाराबाहेर, दीड मीटरवर, नऊ वर्षांची कौमुदी मांडी घालून बसली आहे.

दिसलं? मग तिच्या आईचा चेहराही बघा.

सुखदा साऱ्या जगावर चिडली होती. ती कोविड टेस्टिंग क्लिनिकमध्ये कामाला होती. आपल्यामुळे लेकीला काही होऊ नये म्हणून सहा आठवडे तिने कौमुदीला जवळ घेतलं नव्हतं. खोल्या वेगळ्या, ताटं वेगळी. नवरा यतिन दूर कालगुर्लीला खाणीवर कामाला, राज्यांच्या सीमा बंद म्हणून तिकडेच अडकलेला. रविवारी त्याची फ्लाइट तिसऱ्यांदा कॅन्सल झाली, तेव्हा ती एअरलाइनशी फोनवर तासभर भांडत बसली होती.

त्यात आज सकाळी शेजारचे टुंडे अंकल हा झगा घेऊन दारात. उद्या लेगॉसला मुलीचं लग्न, हे झूमवरून आशीर्वाद देणार, आणि ड्राय क्लीनर सगळे बंद. सुखदाच्या माहेरची ठाण्यात लॉन्ड्री होती, हे त्यांना ठाऊक होतं.

"डाग कसले आहेत?" तिने विचारलं होतं.

टुंडे अंकलनी तिच्यामागे उभ्या असलेल्या कौमुदीकडे पाहिलं. "घाम, सिस्टर. म्हातारा माणूस मी."

"पाच डिग्रीत घाम म्हणे!" सुखदा आता झगा पिळत करवादली. दोन्ही कुशींवर, काखेच्या जरा खाली, दोन पिवळे डाग. "रविवारी ड्राइव्हवेत घालून मिरवताना पाहिलं मी."

"आई, जाईल ना पण?"

"न जाऊन सांगतो कुणाला? बघ, शिकून घे. गरम पाणी नाही, घाम पक्का बसतो. ब्लीच तर नाहीच. भरतकामाला धक्का लावायचा नाही. आणि नेहमी आतून सुरुवात."

तिने झगा उलटा केला. आतून डाग फिकट होता, बाहेरून गडद. तिने तो पुन्हा सुलटा केला.

"आणि ऐक, त्यांच्या जवळपास फिरकायचं नाही. ते म्हाताऱ्यांच्या एज्ड केअरमध्ये काम करतात, तिथे रोज केसेस निघतायत. मरायचंय का आपल्याला?"

"नो, आई."

"कुणाच्याच जवळ जायचं नाही. कितीदा सांगू?"

"आय नो, आई."

सुखदाने धुण्याचा सोडा कालवला आणि रागारागाने डागावर थापला.

घामाचा डाग सोड्याने फिका पडतो. हा लाल झाला. कुंकवासारखा लाल.

सोड्याने असं लाल काय होतं, ते लॉन्ड्रीवाल्याच्या पोरीला कुणी सांगायला नको होतं. हळद. घरात रोज काढ्याची ओली हळद किसायचं काम कौमुदीचं.

लाली चढली तशी डागाला बोटं फुटली. पाच, इवलीशी. दुसऱ्या कुशीवरही पाच. रविवारी कुणीतरी त्या आडव्या बांध्याच्या माणसाला दोन्ही हातांनी घट्ट कवळलं होतं.

सुखदाने झगा सिंकमध्ये सोडला. ती वळली. ओले हात पसरून दाराकडे निघाली.

कौमुदी उठली. तिने मास्क नाकावर ओढला आणि मोजून दोन पावलं मागे सरकली.