कुरुळीचं शून्य

पालकाच्या जुड्या पाच होत्या. नेहाने पहिल्या जुडीतली वीस पानं पांढऱ्या ट्रेवर मांडली आणि मोजायला सुरुवात केली. मोठी भोकं एकतीस. टाचणीच्या टोकाएवढी बावीस. एका पानाच्या पाठीवर हिरवी अळी, जिवंत.

"उत्तम," ती म्हणाली आणि आकडे वहीत लिहिले.

रविराज सरांनी ट्रेकडे पाहून नाक मुरडलं. चाकणच्या पट्ट्यात, कुरुळीला, दोन कारखान्यांच्या मधली ही लहानशी प्रयोगशाळा त्यांची होती. फळं, भाज्या, धान्य यांत फवारलेलं औषध किती उरलं, ते इथे मोजत. पुढच्या सोमवारी मुंबईहून तपासनीस येणार होते. प्रयोगशाळेची मान्यता त्यांच्या सहीवर अडली होती.

"अगं, हे बकरीने उष्टावलेलं दिसतंय. साहेबांसमोर हे ठेवणार?"

"सर, यंत्राला आधी शून्य दाखवावं लागतं. ज्यात औषधाचा अंशही नाही असा पालक. आकुर्डीच्या दुकानातून सेंद्रिय म्हणून तीनदा आणला, तिन्ही वेळा औषध निघालं. हा अकरा आठवडे आणतेय. अकराही वेळा 'आढळले नाही'."

"भोकं मोजून मान्यता मिळत नसते, नेहा."

"अळी ज्यावर जगते तो पालक माझ्या कामाचा. जबाबदारी माझी."

"लेखी दे."

तिने लेखी दिलं. नोकरीत कायम होण्याआधीचा तिचा हा शेवटचा महिना होता.

पालक चतुराबाईंचा होता. प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडे त्यांची साडेतीन गुंठे जमीन उरली होती. बाकीची कारखान्यात गेली होती. उरलेल्या तुकड्यात सहा वाफे. पाच बाजारासाठी, त्यांना दर आठवड्याला औषध. सहावा घराच्या ओट्याला लागून, घरच्यांसाठी, त्याला कधीच नाही. आसपासच्या सगळ्यांचीच अशी रीत होती. नेहाने पहिल्यांदा विचारलं तेव्हा चतुराबाईंनी ती सरळ सांगून टाकली होती.

त्या संध्याकाळी नेहा भिंतीपाशी थांबली.

"मावशी, पुढच्या सोमवारी मुंबईचे मोठे साहेब येतायत. त्यांना तुमचाच पालक दाखवायचाय. घरच्या वाफ्यातला. चांगला द्या हां."

"आमचा? सायबाला?" चतुराबाई खुरपं टाकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर सारखा केला. "तू घोर करू नगं, पोरी."

नेहाच्या वहीत 'नमुना', 'अंश', 'मर्यादा' या प्रत्येक शब्दाची व्याख्या होती. 'चांगला' या शब्दाची नव्हती.

सोमवारी तपासनीस आले ते हातात एक जुडी घेऊनच. फाटकाबाहेरच्या हातगाडीवरून घेतली होती.

"ही बाजारातली," ते म्हणाले. "ही आणि तुमचं शून्य, दोन्ही माझ्यासमोर लावा."

नेहाने चतुराबाईंची पिशवी उघडली. या वेळी जुड्या आठ होत्या. तिने वीस पानं मांडली. मोठी भोकं शून्य. बारीक भोकं शून्य. तिने पानं उलटली आणि पुन्हा मोजली. अळ्या शून्य.

"बघ!" रविराज सर तिच्या कानाशी म्हणाले. "आता कसा शोभतोय."

"सर, एक फोन करून येऊ?"

"यंत्र तापलंय, साहेब उभे आहेत. लेखी कोणी दिलंय?"

नेहाने पानं चिरली, वाटली, गाळली. हातगाडीचा नमुना एका कुपीत, शून्याचा दुसरीत. यंत्राने दोन्ही आत घेतल्या. किलोमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग असला तरी ते पकडत असे.

तपासनीस पिशवीतल्या उरलेल्या जुड्यांकडे पाहत होते. "काय पानं आहेत! आमच्याकडे असा पालक मिळत नाही. उरलेल्याचं काय करता?"

"काही नाही, टाकून देतो," रविराज सर म्हणाले. "न्या ना साहेब. आमचं शून्य आहे ते. लहान मुलाला कच्चं खायला घाला."

"नातवाला सूप आवडतं," तपासनीस म्हणाले. त्यांनी सात जुड्या आपल्या बॅगेत ठेवल्या आणि चेन लावली.

नेहाचा फोन थरथरला. चतुराबाई होत्या. ती दाराशी गेली.

"पोरी, आवडली का गं भाजी सायबाला?"

"मावशी, एकही भोक कसं नाही?"

चतुराबाई हसल्या. "किडकी भाजी धाडून तुझी अब्रू घालवू व्हय? मंगळवारी औषध मारलं. शनवारी परत मारलं, जरा दाट. मग कोवळी कोवळी पानं येचून काढली. घरच्या वाफ्याला आजवर थेंब घातला न्हाई बघ, पर तुझ्यासाठी घातला. सायबानं घरी नेली का थोडी? न्यावी म्हनूनच जादा दिली."

"आणि तुम्ही काय खाताय, मावशी?"

"आमी? आमी आता पंधरा दिस त्या वाफ्याला हात लावत न्हाई."

यंत्राने बारीक आवाज केला. नेहा परत आली. रविराज सर आणि तपासनीस पडद्यापुढे उभे होते. बॅग तपासनिसांच्या खांद्याला होती.

पालक, हातगाडी : किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम.

पालक, शून्य, कुरुळी : किलोमागे ३.६४ मिलिग्रॅम.