रिकामा खिळा

पाळी सुटली तरी फळीवरचा एक खिळा रिकामाच होता.

म्हणजे कोणीतरी अजून आत होतं. आणि आत कोणी असताना घरी जायची या शेडमध्ये रीत नव्हती. आत शिरताना फळीवरचा आपला पितळी बिल्ला खिशात टाकायचा, बाहेर पडताना परत टांगायचा. सगळे खिळे भरले की मगच फाटक उघडायचं. ही फळी मूळची कोळशाच्या खाणीतली. खाण बंद पडली आणि भंगारवाल्यांनी रुळांसकट सगळं उचलून नेलं, तेव्हा खाणीत राबलेल्या, इथल्या सुपरवायझरबाईच्या सासऱ्यांनी एवढी फळी घरी आणली. पुढे खाणीच्याच मैदानावर औद्योगिक वसाहत उभी राहिली, तशी त्यांनी ती पहिल्या शेडच्या दारात ठोकली. आता तिथलं फाटकही तेच सांभाळत.

या शेडमध्ये आधी छत्र्या झाल्या. छत्र्या गेल्या, रेडिओ आले. रेडिओ गेले, खेळणी आली. गावातल्या घराघरात अजून एकेक बिनडोळ्यांचं अस्वल पडलेलं आहे. आता हातमोजे होते, आणि तेही महिनाअखेर गाशा गुंडाळणार होते. शेजारच्या शेडांना तर कधीच कुलपं लागली होती. मालक आले तसे गेले. माणसं तीच राहिली, फळी तीच राहिली. एका मालकाने ती काढायला लावली होती. दुसऱ्या दिवशी कोणी आतच शिरलं नाही. संध्याकाळी त्यानेच हातोडी आणून ती परत ठोकली.

रिकामा खिळा पाहुण्यांच्या बिल्ल्याचा होता. सकाळपासून एक साहेब शेड बघायला आला होता. पाण्यात माणूस बुडू नये म्हणून अंगात घालतात ती जॅकेटं त्याची कंपनी शिवायची. त्याने हो म्हटलं तर शेड जगणार होती. नाही म्हटलं तर सगळ्यांनाच पोटासाठी लांबच्या शहरात खोल्या शोधायच्या होत्या. सुपरवायझरबाईला तर रांगती लेक सासू-सासऱ्यांपाशी ठेवून.

सगळे परत आत गेले. साहेब संडासात अडकला असेल, ती कडी नवख्याच्या बापालाही उघडत नाही, असं कोणीतरी म्हणालं. कडी उघडून पाहिली. कटिंगमास्तर म्हणाला, पॅकिंगवाल्यांनी त्याला मोजा समजून खोक्यात भरला असणार. सगळे हसले, आणि हसत हसत खोकीही उघडून बघितली. सासरे कापडाच्या गठ्ठ्यांमागे पोटावर झोपून हाका मारत होते; खाणीत दरड कोसळल्यावर मारत तशा, मधे थांबून, कान देऊन. सुपरवायझरबाईला मात्र थट्टा सुचत नव्हती. दूध भरून छाती ठणकत होती. लेक दाराकडे बघून ओठ काढत असणार. तरी मी निघते, असं काही ती म्हणाली नाही.

आणि साहेब आला तो बाहेरून, धापा टाकत. माल चढवायच्या मागच्या दाराने तो केव्हाच निघून गेला होता. बस थांब्यावर रुमाल काढताना बिल्ला हाताला लागला. फाटकावर देऊन पळू, असं त्याने ठरवलं होतं. समोर अख्खी पाळी उभी होती, केसांत धूळ, बाह्या वर केलेल्या.

सासऱ्यांनी बिल्ला टांगला. मग साहेबाचे दोन्ही खांदे चाचपून बघितले. मागच्या दाराने जाऊ नये बाळा, म्हणाले, इथं तेवढ्यात माणसं म्हातारी होतात. फाटक उघडलं आणि जो तो घराकडे सुटला. निकाल काय, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. सगळ्यांचे स्वयंपाक खोळंबले होते.

साहेबाने सुपरवायझरबाईला थांबवलं. होकाराच्या आशेने एवढे सगळे थांबले होते का, असं विचारलं.

"त्यांना आशा आहे. मला नव्हती," ती म्हणाली. "मागच्या दाराशी तुम्ही फोनवर नकार कळवलात, तेव्हा मी खोक्यांपलीकडे होते. नंतर बाहेर गेलात की आत वळलात, ते काही दिसलं नाही."

"आणि तरी शोधत राहिलात?"

"बिल्ला माणसाचा असतो, साहेब. होकार-नकाराचा नसतो." एवढं बोलून ती निघालीच. लेक वाट बघत होती.

बस केव्हाच गेली होती. साहेबाने फोन लावला.

"मघाशी मी म्हणालो ना, जीव वाचवायच्या कामाचा या लोकांना अनुभव नाही म्हणून? ते चुकलं माझं. या वसाहतीत तेवढं एकच काम आजवर कधी बंद पडलेलं नाही."